घ्यायला कुणी येणार आहे का?

विमानतळ हा बायकांच्या चळवळीचा विषय आहे, असे अजून आपल्यापैकी फारशा जणींना वाटत नाही. रेशन, पाणी, दारू, हुंडा, पोटगी, कामाच्या जागी होणारा छळ हे आपले विषय. विमान म्हणजे पैसेवाल्यांचे वाहन. ज्याला विमानाचे तिकीट परवडते त्याला टॅक्सीही परवडतेच, मग त्यात आपण कशाला पडायचे, असा सरळ हिशेब आपण करतो. हा हिशेब चुकीचा आहे एवढेच मला या लेखात मांडायचे आहे. विमानतळापासून शहरापर्यंत स्वस्तात, सार्वजनिक वाहनाने, एकटीने पोहोचता येणे हा बायकांच्या फिरण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि तो हक्क आज वेळेवर आणि पैशावर अवलंबून आहे.

आखाती देशांत घरकामाला जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या बायकांबरोबर मी काही वर्षे काम करते आहे. या बायका विमानाने जातात, कारण दुसरा मार्गच नाही. तिकीट बहुतेक वेळा मालकाचे किंवा एजंटचे असते. म्हणजे विमानात बसलेली बाई पैसेवाली असते, हे पहिलेच गृहीतक कोसळते. ज्यांनी दहावी पूर्ण केलेली नाही अशा बहुतेकांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ म्हणजे परदेशी कामाला जाण्यापूर्वी सरकारची परवानगी लागेल असा शिक्का असतो. घरकामासाठी अशी परवानगी तीस वर्षांखालच्या बाईला मिळत नाही. म्हणजे सरकार तिच्या जाण्यावर बारीक लक्ष ठेवून आहे. तिचे वय, तिचा करार, तिचा मालक, सगळ्याची नोंद आहे. पण ती परत आली, विमानातून उतरली आणि काचेच्या दारातून बाहेर पडली की तिथून तिच्या घरापर्यंतचा रस्ता कुणाच्याच कागदावर नाही.

‘उडान’ योजनेतले पहिले विमान २०१७ च्या एप्रिलमध्ये शिमल्याहून दिल्लीला निघाले. हवाई चप्पल घालणारा माणूसही विमानाने जावा, असे तेव्हा सांगितले गेले. चांगलीच गोष्ट आहे. पण हवाई चप्पल विमानात चढली, उतरली, आणि पुढे? विमानतळाच्या बाहेरचे रस्ते पाहा. उड्डाणपूल, चढ, वळणे, गाड्यांसाठी रांगा. पायी चालणारीसाठी पदपथ शोधावा लागतो, बसथांबा विचारावा लागतो. बांधणाऱ्यांनी उतारूच्या मागे एक मोटार गृहीत धरलेली आहे आणि बाईच्या मागे एक पुरुष.

‘घ्यायला येणे’ ही आपली व्यवस्था

आपल्याकडे बाई प्रवास करत नाही, तिला ‘पोहोचवतात’ आणि ‘घ्यायला येतात’. माहेरी घेऊन जायला भाऊ येतो, सासरी पोहोचवायला बाप येतो. लग्नाआधी कॉलेजला, लग्नानंतर दवाखान्यात, कुणी ना कुणी सोबत. त्यात माया असते हे मी नाकारत नाही. पण त्या मायेची दुसरी बाजूही आहे. जिला घ्यायला यावे लागते तिचे जाणे-येणे घ्यायला येणाऱ्याच्या सवडीवर आणि मर्जीवर ठरते. त्याला वेळ नसेल तर ती जात नाही. त्याची परवानगी नसेल तर तो येत नाही.

दोन वर्षे परदेशात परक्या घरात राबून, पैसे पाठवून, भांडण झाले तर मालकिणीशी तोडक्यामोडक्या अरबीत भांडून आलेली बाई मुंबईच्या विमानतळावर उतरते, तेव्हा पहिला प्रश्न तिला हाच विचारला जातो : घ्यायला कुणी येणार आहे का? विमानतळावरचा शिपाई विचारतो, टॅक्सीवाला विचारतो, आम्हीही विचारतो. ‘नाही’ असे उत्तर आले की आजूबाजूची माणसे जवळ सरकतात. कुणी मदतीला, कुणी गिऱ्हाईक म्हणून.

मंडणगडच्या बाजूच्या एका बाईंची गोष्ट सांगते. त्या कुवेतहून परत आल्या. विमान रात्री दीड वाजता उतरले. घरून नवरा येणार नव्हता, कारण त्या जाव्यात हेच त्याला मान्य नव्हते. एजंटच्या माणसाने गाडी पाठवली, ‘तुमची काळजी म्हणून’. एसटी स्टँडपर्यंत सोडण्याचे साडेतीन हजार रुपये हिशेबात धरले, आणि ते फिटेपर्यंत पुढच्या खेपेचे कागद आपल्याकडे ठेवून घेतले. मावशी मला म्हणाल्या, “ताई, मला काय ठाऊक तिथनं काय सुटतं? कुणी सांगितलं असतं तर मी पायरीवर बसून उजाडायची वाट बघितली असती.” साडेतीन हजार रुपये म्हणजे त्यांच्या पगाराचे किती दिवस, हा एक भाग. दुसरा त्याहून महत्त्वाचा. त्या काळोख्या वीस किलोमीटरांमुळे एक स्वतंत्र झालेली बाई पुन्हा एकाच्या उपकाराखाली गेली.

आणि गंमत पाहा. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. म्हणजे मुंबईहून मंडणगडपर्यंतचा सगळा घाट-डोंगराचा रस्ता त्या अर्ध्या भाड्यात गेल्या, आणि विमानतळापासून स्टँडपर्यंतच्या रस्त्याला त्याच्या कितीतरी पट मोजून आल्या.

रस्ता आहे, पण कुणासाठी?

मुंबईत विमानतळावरून स्वस्तात बाहेर पडण्याचा मार्गच नाही, असे नाही. तो आहे आणि गेल्या काही वर्षांत खूप सुधारलाही आहे, हे आधी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

घाटकोपर-वर्सोवा मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली. भुयारी मेट्रो तीनचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात ती पार कफ परेडपर्यंत गेली. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानके. त्यांतली दोन थेट विमानतळाची : आंतरराष्ट्रीय टी-२ आणि जुने टी-१. टी-२ वरून बसले की एकीकडे पुढचेच स्थानक मरोळ नाका. तिथे घाटकोपर-वर्सोवा मेट्रो मिळते आणि घाटकोपरला मध्य रेल्वे, अंधेरीला पश्चिम रेल्वे. दुसरीकडे सांताक्रूझ, दादर, मुंबई सेंट्रल, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. या मार्गाचे सर्वाधिक भाडे ७० रुपये ठरले आहे. म्हणजे विमानतळावरून या मार्गावर कुठेही सत्तरच्या आत.

याहूनही स्वस्त मार्ग जुनाच आहे. सहार रोडवर येऊन बेस्टची बस धरायची, अंधेरी स्टेशन गाठायचे, आणि लोकलने चर्चगेटपर्यंत जायचे. २०२५ च्या मे महिन्यात बेस्टचे किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले, वातानुकूलित बसचे ६ वरून १२. अंधेरीहून चर्चगेटचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट दहा रुपये. म्हणजे वीस-पंचवीस रुपयांत माणूस मुंबईच्या दुसऱ्या टोकाला पोहोचतो. याच अंतराला टॅक्सीच्या मीटरप्रमाणे चारशे-पाचशे रुपये होतात. २०२५ च्या फेब्रुवारीपासून टॅक्सीचे पहिले भाडेच ३१ रुपये आहे आणि मध्यरात्र ते पहाटे पाचपर्यंत सव्वापट. रिक्षा स्वस्त, पण ती वांद्रे आणि शीव यांच्या पुढे जाऊ शकत नाही.

तर मग अडचण कुठे आहे? अडचण घड्याळात आहे. मेट्रो रात्री साडेदहा-अकराच्या सुमारास थांबते आणि सकाळी सहाच्या सुमारास सुरू होते. लोकल रात्री एकच्या पुढे नाही, पहाटे चारच्या आधी नाही. रात्रीच्या बेस्टच्या फेऱ्या मोजक्याच. आणि आखातातून येणारी कितीतरी विमाने उतरतात ती नेमकी या मधल्या वेळात. दिवसा उतरणाऱ्याला पंचवीस रुपयांचा रस्ता आहे. रात्री उतरणाऱ्याला तोच रस्ता सहाशेचा. आणि ज्याच्या हातात भारतातले चालू सिमकार्ड नाही, मोबाइलवर पैसे भरण्याची सोय नाही, त्याला तर गाडी बोलावताही येत नाही. त्याने दारात उभ्या असलेल्या माणसाचे ऐकावे.

‘त्याने’ असे मी लिहिले खरे, पण हा ‘तो’ बहुतेक वेळा निभावून नेतो. पुरुष चार जणांत गाडी वाटून घेतो, कट्ट्यावर बॅग डोक्याखाली घेऊन आडवा होतो, महामार्गापर्यंत चालत जाऊन ट्रकवाल्याला हात करतो. बाईला यातले एकही करता येत नाही. तेव्हा सार्वजनिक वाहन नसणे सगळ्यांना सारखेच जाचते, असे म्हणणे खरे नाही. ते नसले की पुरुषाची गैरसोय होते आणि बाईचे जाणेच अडते.

विमानतळ पुसणाऱ्या बायका

विमानतळावर फक्त उतारू येतात असे आपण समजतो. तिथे रोज हजारो माणसे कामाला येतात. त्यात फरशी पुसणाऱ्या, स्वच्छतागृहे धुणाऱ्या, ट्रॉल्या ढकलणाऱ्या, खाद्यपदार्थांच्या दुकानांत उभ्या राहणाऱ्या, झडती घेणाऱ्या बायका आहेत. त्यातल्या कितीतरी कंत्राटी आहेत. मरोळ, जरीमरी, कुर्ला, साकीनाका, कुणी तर विरार आणि कल्याणहून येतात. विमानतळ चोवीस तास चालतो, म्हणून त्यांच्या पाळ्याही चोवीस तास चालतात. सकाळच्या पाळीला सहाला हजर राहायचे तर सहाला सुटणारी मेट्रो काय कामाची?

२०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर बायकांना काम करण्याची मुभा दिली, पण त्यांची संमती हवी आणि मालकाने सुरक्षिततेची व घरापर्यंतच्या वाहनाची व्यवस्था केली पाहिजे, ही अट घातली. कायदा चांगला आहे. पण कंत्राटाखाली कंत्राट आणि त्याखाली पोटकंत्राट असले की ही ‘व्यवस्था’ कुणी करायची, याचे उत्तर देणारा माणूस सापडत नाही. आमच्या वस्तीतल्या एका बाईला पाळी संपल्यावर रात्री बाराला दारात सोडायला गाडी होती. गाडी बंद झाली, पाळी तशीच राहिली. तक्रार केली असती तर पाळी बंद झाली असती. त्या आता तिघी मिळून चालत येतात. चालताना मोठमोठ्याने बोलतात, म्हणजे भीती वाटत नाही, असे सांगताना त्या हसल्या.

विमानतळाकडे जाणारी रात्रीची बस असती तर ती या तिघींनाही घरी सोडती, आणि कुवेतहून आलेल्या मावशींनाही स्टँडवर नेती. उतारूची सोय आणि कामगार बाईची सोय या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकाच बसचे हे दोन दरवाजे आहेत.

‘पण रात्रीची बस सुरक्षित आहे का?’

हा लेख लिहिण्याआधी मी हा विषय आमच्या गटात मांडला तेव्हा एक जुनी कार्यकर्ती मैत्रीण रागावलीच. “रात्री दोन वाजता बाईने बसने जावे असे तू सांगणार? काही झाले तर जबाबदार कोण? त्यापेक्षा तिला टॅक्सीचे पैसे मिळावेत अशी मागणी कर.” तिचा राग मला समजतो. आपण सगळ्याच जणी मुलींना हेच सांगतो : पैशाकडे बघू नको, गाडी कर.

पण या सल्ल्याचा अर्थ काय होतो? सुरक्षितता ही विकत घेण्याची वस्तू आहे. जिच्याकडे सहाशे रुपये आहेत तिला ती मिळेल. जिच्याकडे नाहीत तिने घरात बसावे किंवा धोका पत्करावा, आणि काही झाले तर तिलाच विचारले जाईल : गाडी का नाही केलीस? बाई असण्याचा हा एक वेगळा कर आहे आणि तो गरीब बाईला सगळ्यात जड जातो.

शिवाय, गाडी म्हणजे सुरक्षितता हे तरी कुठे खरे आहे? २०१४ च्या डिसेंबरात दिल्लीत मोबाइलवरून बोलावलेल्या टॅक्सीत चालकाने प्रवासी मुलीवर बलात्कार केला. २०१५ मध्ये त्याला शिक्षा झाली. २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीचा खून झाला, तो कंपनीने ठरवलेल्या गाडीच्या चालकाकडून. बंद दाराच्या गाडीत बाई एका अनोळखी पुरुषाबरोबर एकटी असते. बसमध्ये चालक असतो, वाहक असतो, इतर उतारू असतात, ठरलेला रस्ता असतो, थांबे असतात.

मैत्रिणीने लगेच स्वारगेटची आठवण दिली, आणि ती द्यायलाच हवी. २०२५ च्या फेब्रुवारीत पहाटे स्वारगेट स्थानकात गावी निघालेल्या एका तरुणीवर उभ्या असलेल्या बसमध्ये बलात्कार झाल्याची फिर्याद दाखल झाली आणि सारा महाराष्ट्र हादरला. पण तिथे नेमके काय घडले ते नीट पाहा. फिर्यादीप्रमाणे, तुझी गाडी इथे नाही, तिकडे लागली आहे, असे तिला एका अनोळखी माणसाने सांगितले. ती ज्या बसमध्ये चढली ती धावणारी नव्हती. रिकामी, अंधारात उभी केलेली होती. २०१४ च्या जानेवारीत कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर पहाटे उतरलेली एक तरुण अभियंता मुलगी घरी पोहोचलीच नाही. अकरा वर्षांनी, २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने पुरावा अपुरा म्हणून आरोपीला निर्दोष सोडले. म्हणजे त्या पहाटे काय झाले हे आजही न्यायालयात सिद्ध झालेले नाही. पण एवढे तर दिसतेच की पहाटेच्या त्या तासाला एवढ्या मोठ्या स्थानकावरून घरापर्यंतचा रस्ता एकट्या मुलीसाठी सुरक्षित नव्हता.

मला यातून बससेवा बंद करावी असा अर्थ दिसत नाही. उलट दिसते ते हे : बाईला धोका चालत्या, भरलेल्या, उजेडातल्या बसपेक्षा जास्त असतो तो रिकाम्या जागेचा, अंधाराचा, आणि ‘कुठे काय सुटते’ हे न समजण्याचा. अधिकृत माहिती सांगणारे कुणी नसले की अनधिकृत माहिती सांगणारा पुढे येतो. माहिती नीट लिहिलेली असणे, ती सांगणारी बाई खिडकीत बसलेली असणे, हासुद्धा पोलिसांइतकाच बंदोबस्त आहे. २०१२ च्या डिसेंबरमधल्या दिल्लीच्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनेही आपल्या अहवालात सार्वजनिक वाहतूक सुधारण्याचा मुद्दा घेतला होता, तो उगीच नव्हे.

आणि बस भरलेली असेल कधी? ती नियमित असेल तेव्हा. तासाला एक फेरी, तीही आज आहे उद्या नाही, अशी सेवा असली की बायका तिच्यावर विसंबत नाहीत. बायका येत नाहीत म्हणून ती तोट्यात जाते, आणि तोट्यात गेली म्हणून ती बंद होते. बेस्टचे हेच चालले आहे. एकेकाळी चार हजारांवर बस असलेल्या बेस्टकडे २०२५ मध्ये तीन हजारांहूनही कमी बस उरल्या होत्या. त्याच शहरात एका मेट्रो मार्गावर सदतीस हजार कोटींच्या घरात खर्च झाला. मेट्रो नको असे मी म्हणत नाही, मी स्वतः तिने जाते. पण मेट्रो आली म्हणून बस कमी करायची, हा हिशेब ज्यांनी कधी रात्री बसची वाट पाहिली नाही अशांनी केलेला आहे.

इतर शहरांत काय आहे

हे सगळे अशक्य आहे असे वाटणाऱ्यांनी चेन्नईला जाऊन यावे. तिथे विमानतळाच्या समोर, रस्ता ओलांडला की तिरुसुलम हे लोकलचे स्टेशन आहे. शहरात जायला थोडे रुपये पुरतात. २०१६ पासून मेट्रोही विमानतळाला जोडली आहे. कुठला चमत्कार नाही. रेल्वे आणि विमानतळ जवळजवळ आहेत, आणि ते तसे आहेत हे लोकांना माहीत आहे.

बंगळूरूचे उदाहरण दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखे आहे. २००८ मध्ये विमानतळ शहरापासून दूर देवनहळ्ळीला गेला, तेव्हापासून तिथल्या परिवहन मंडळाच्या ‘वायुवज्र’ बस शहराच्या वेगवेगळ्या भागांत जातात, रात्रीसुद्धा. टॅक्सीच्या मानाने त्या खूपच स्वस्त. पण कर्नाटकात २०२३ च्या जूनपासून ‘शक्ती’ योजनेत बायकांना बसप्रवास मोफत झाला, त्यात या वातानुकूलित बस नाहीत. म्हणजे राज्यभर फुकट फिरणारी बाई विमानतळाच्या रस्त्यावर आली की पुन्हा पूर्ण तिकिटाची धनीण. सवलत देतानाही विमानतळ ‘आपल्या’ बायकांचा नाही, हेच गृहीत धरलेले आहे. २०२१ मध्ये तिथे विमानतळाजवळ रेल्वेचा थांबाही झाला, दहा-पंधरा रुपयांच्या तिकिटाचा. पण गाड्या इतक्या मोजक्या की त्यांच्यावर विसंबून विमान गाठणे अवघड.

यातून धडा एवढाच की नुसती सवलत पुरत नाही, नुसती गाडीही पुरत नाही. गाडी, वेळापत्रक, परवडणारे तिकीट आणि माहिती या चारही गोष्टी एकत्र लागतात. एक तुटली की बाकीच्या तीन वाया.

नवी मुंबईच्या विमानतळावरून २०२५ च्या डिसेंबरात विमाने उडू लागली. या विमानतळासाठी उलवे-पनवेल भागातली दहा गावे उठली. शेती गेली, घरे गेली. ज्यांची गावे गेली त्या बायकांच्या मुली-सुना आता तिथे सफाईच्या, स्वयंपाकघरातल्या कामाला जातील. विमानतळ नवा आहे तोवरच त्याच्या दारातल्या बसचा, तिच्या वेळेचा, तिच्या थांब्याच्या दिव्याचा प्रश्न विचारला पाहिजे. एकदा टॅक्सीच्या रांगांचा जम बसला की बसला जागा मिळत नाही.

आपण काय मागायचे

आमच्या गटाने चर्चा करून काही मागण्या ठरवल्या आहेत. त्यांत भव्य असे काही नाही.

एक. मुंबईच्या दोन्ही टर्मिनलांवरून अंधेरी, कुर्ला, दादर आणि मुंबई सेंट्रल एसटी स्टँड यांना जोडणारी साधी, साध्या भाड्याची बस रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात अर्ध्या अर्ध्या तासाने हवी. तिच्यात सामान ठेवायला जागा हवी, आणि दोन बॅगा घेऊन चढणाऱ्या बाईवर खेकसणार नाही असा वाहक हवा.

दोन. आगमनाच्या दारातच, टॅक्सीच्या खिडक्यांच्या आधी, बस आणि मेट्रोची माहिती मराठी, हिंदी, इंग्रजीत आणि चित्रांत लिहिलेली हवी : कुठून, किती वाजता, किती पैशांत. खिडकीत रात्रीसुद्धा बाई हवी.

तीन. ज्यांना उजाडेपर्यंत थांबायचे आहे त्यांच्यासाठी बाहेर, पुन्हा तिकीट न दाखवता बसता येईल अशी प्रतीक्षेची खोली आणि फुकट स्वच्छतागृह हवे. मुंबईत २०११ पासून बायकांनी मुतारीच्या हक्कासाठी आंदोलन केले, ते विमानतळाच्या दारापाशी थांबायचे कारण नाही.

चार. पहिली मेट्रो आणि पहिली पाळी यांचे वेळापत्रक एकत्र बसून ठरवावे. विमानतळावर काम देणाऱ्या प्रत्येक कंत्राटात रात्रपाळीच्या वाहनाची अट आणि ती मोडल्यास दंड असावा, आणि जबाबदारी मूळ मालकाची असावी.

पाच. परदेशी कामाला जाणाऱ्यांना निघण्यापूर्वी सरकार एक दिवसाचे प्रशिक्षण देते. त्यात तिथले कायदे सांगतात, वकिलातीचा पत्ता देतात. त्यातच परत आल्यावर विमानतळावरून घरी कसे जायचे याचा एक कागद द्यावा. एक साधा कागद, नकाशा आणि भाड्यांसह.

यातली पाचवी गोष्ट सरकार करील तेव्हा करील, पण ती आपल्याला आजही करता येते. आम्ही असा एक कागद मराठीत आणि हिंदीत तयार करतो आहोत. त्यात मेट्रोची स्थानके, पहिल्या-शेवटच्या गाड्या, बसचे थांबे आणि टॅक्सीच्या खऱ्या भाड्याचा अंदाज असेल, म्हणजे गाडी करावीच लागली तरी कुणी साडेतीन हजार सांगितले तर बाईला ‘नाही’ म्हणता येईल.

बाईने एकटीने, आपल्या पैशाने, आपल्या वेळेला, कुणालाही न विचारता घरी पोहोचावे, ही मागणी ऐकायला लहान वाटते. पण आपल्या चळवळीने मागितलेल्या बहुतेक मोठ्या गोष्टी शेवटी इथेच येऊन अडतात. सभेला यायचे तर परत कशी जाणार? कोर्टात तारीख आहे तर किती वाजता निघणार? नोकरी आहे, पण पाळी रात्रीची आहे. रस्ता आणि वाहन नसेल तर हक्क कागदावर राहतो.

आपल्यापैकी ज्या विमानतळाजवळच्या वस्त्यांत काम करतात, ज्यांच्या घरातल्या कुणी आखातात आहेत, किंवा ज्या पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर इथे राहतात, त्यांनी आपापल्या विमानतळाबाहेर एकदा रात्री दहानंतर उभे राहून पाहावे. बस कुठून सुटते, शेवटची किती वाजता, थांब्यावर दिवा आहे का, तिकीट किती, एवढे चारच प्रश्न. उत्तरे मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. पुढच्या अंकापर्यंत पाच-सहा शहरांची माहिती हाताशी आली, तर ती घेऊन आपल्याला परिवहन खात्याच्या दारात जाता येईल.